दोघांपुरते घर

नवराबायकोने दोघांनीच कोठे चार दिवस जाऊन राहावे, अशी चाल आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत फारशी नव्हती. जाणे होई ते नाशिक-त्र्यंबकेश्वरास, नरसोबाच्या वाडीस, डाकोरास, नाहीतर पुण्या-सांगलीकडच्या लग्नकार्यास. आणि जायचे म्हणजे साऱ्या घराने जायचे. वळकट्या, फराळाचे डबे, पाण्याची फिरकी, एखादी थकलेली आत्या आणि शेजारच्यांचा एखादा मुलगा असा सगळा संसार गाडीत चढे. दोघेच गेली तर मागच्यांनी काय करायचे, हा प्रश्न उभा राही आणि त्याला उत्तर नसे. मधुचंद्र हा शब्द आमच्या पिढीच्या पत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर घरात आला खरा. पण वाड्यात तो आला तसाच उंबऱ्याबाहेर गेला.

दांडिया बाजारातील आमच्या वाड्याचा तर प्रकारच वेगळा. वडील दरबारी गवई. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते ऐन विशीत होते आणि थोरल्या गवयांच्या मागे तंबोऱ्यावर बसत. दरबार गेला, पगार गेला. पहाटेचा रियाज मात्र गेला नाही. मी त्यांच्या पन्नाशीतला मुलगा. ज्या खोलीत ते बसत तेथेच मी आता शिकवण्या घेतो. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत त्या खोलीत कोणी ना कोणी सा लावून बसलेले असते. मधल्या दाराला पडदा आहे, कडी नाही. अशा घरात बावीस वर्षे संसार झाला, आणि त्या बावीस वर्षांत आम्ही उभयतांनी एकांतात चहाचा एक पेलाही निवांत घेतला असेल, असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

गेल्या मार्गशीर्षात हे जमले ते विद्यार्थ्यांमुळे. मोठ्यांच्या वर्गातील मंडळींनी परस्पर वर्गणी केली, तिकिटे काढली आणि वेंगुर्ल्यास दोघांपुरते एक घर पाच दिवसांसाठी ठरवून टाकले. आईजवळ राहण्यास बहीण आली. माझ्यापुढे सबबच उरली नाही.

वेंगुर्ले हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी काजूच्या पुड्यावर वाचलेले असेल. गाव जुने, बंदराचे. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती बंदराच्या वाटेवर अजून उभ्या आहेत. पुढे हे बंदर सावंतवाडी संस्थानाकडून १८१२ साली इंग्रजांकडे गेले. मुंबईहून गोव्याकडे निघालेली आगबोट येथे थांबे, आणि मुंबईच्या गिरण्यांत गेलेला कोकणी माणूस गणपतीला त्याच बोटीने घरी येई. आता बोट नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हापासून वाट कुडाळवरून. मुंबईस गाडी बदलून आम्ही सकाळी कुडाळास उतरलो, आणि एस. टी.ने घाट नसलेल्या पण वळणांनी भरलेल्या रस्त्याने वेंगुर्ल्यास पोहोचलो.

घर माडांच्या बागेत होते. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे शेणाने सारवलेले खळे, खळ्यात तुळस. मालक निवृत्त शाळामास्तर आणि त्यांची पत्नी. दोघेही सत्तरीच्या घरातली. मुलगे मुंबईस. पूर्वी जेथे गुरे बांधत तो मागचा गोठा त्यांनी नीट करून घेतला होता: एक खोली, न्हाणीघर, आणि समुद्राकडे तोंड केलेली अरुंद पडवी. पडवीत दोनच खुर्च्या. तिसरी ठेवण्यास जागाही नव्हती.

"दोघांच? बरा झाला. हंय दोघांकच जागा आसा," काकू म्हणाल्या, आणि सौभाग्यवतींच्या हातातील पिशवी त्यांनी काढून घेतली.

दोघांनाच का, हे मी संध्याकाळी मास्तरांना विचारले. मला वाटले होते की शहरी तरुणांच्या हौसेसाठी केलेली ही युक्ती असेल. त्यांनी मला विहिरीपाशी नेले. "हिचे पाणी आता वर आहे. एप्रिल-मे महिन्यांत तळ दिसतो. घरची आम्ही दोघे, पाहुणे दोघे, आणि माड-पोफळी. एवढ्यांना ती पुरते. आणखी चार माणसे आली की टँकर आणावा लागतो. मग कमाई पाण्याबरोबर जाते." पूर्वी त्यांनी आठ-दहा जणांचे घोळकेही घेतले होते. रात्रभर आरडाओरडा, बागेत बाटल्या, शेजाऱ्यांच्या तक्रारी. शिवाय रांधणार एकट्या काकू. चौघांचा स्वयंपाक त्या सत्तराव्या वर्षीही हसत करतात. बाराजणांचा केला की दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतात. एवढा साधा हिशेब.

रत्नागिरीतून वेगळा निघालेला हा सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. राहत्या घरातील एकदोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात आणि सकाळची न्याहारी घालावी, अशी सरकारी 'न्याहारी निवास' योजना आहे. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांनी तिचा लाभ घेतला आहे. किनारपट्टीच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या २०१९ च्या अधिसूचनेतही, घराचे जोते व दर्शनी भाग न बदलता स्थानिकांनी पाहुणे ठेवावेत, अशी वाट ठेवलेली आहे. म्हणजे मोठे हॉटेल बांधण्यापेक्षा गोठ्याची खोली करणे मास्तरांसारख्यांना सोयीचे. पावसाचे चार महिने हा उद्योग बंदच असतो. उरलेल्या आठ महिन्यांत खोली निम्मे दिवस भरली तरी कौले चाळण्याचा, माडांच्या मजुरीचा आणि औषधांचा खर्च निघतो, असे ते म्हणाले.

पण पैशाहून मोठी गोष्ट काकूंनी सांगितली. त्यांच्या वाडीतील सात घरांपैकी चार घरांना कुलपे आहेत. ती चतुर्थीला आठ दिवस उघडतात आणि पुन्हा बंद होतात. बंद घराला आधी वाळवी लागते, मग वासे झुकतात. "मास्तरांनू, घर उघडा रवाक होया, म्हणान ह्यो उद्योग," त्या मला म्हणाल्या. शाळेतल्या मास्तरांची बायको म्हणून असेल, पण मलाही त्यांनी पहिल्या दिवसापासून मास्तरच केले.

आपल्या वाचकांपैकी काही वडीलधाऱ्यांच्या मनात एक शंका येईल, ती माझ्याही मनात आली होती. दोघांपुरती खोली म्हटली की येणारी दोघे कोण, हे कोण पाहणार? काकू ओळखपत्रे पाहतात, वहीत नोंद करतात. लग्नाचा दाखला मागावा असे कायद्यात कोठेही नाही, आणि त्या तो मागतही नाहीत. "मंगळसूत्र पाहून माणूस कळत नाही," मास्तर हसून म्हणाले. "सकाळी उठल्यावर दोघे एकमेकांशी कसे बोलतात, त्यावरून कळते." हे ऐकून मी मुकाट्याने सोलकढीचा पेला तोंडाला लावला.

कारण पहिले दोन दिवस आम्ही बोललोच नव्हतो. भांडण नव्हे, सवय नव्हती. घरी बोलणे असते ते गॅसच्या टाकीचे, आईच्या औषधांचे, मुलाच्या फीचे. ते विषय बडोद्यास राहिले, आणि आम्ही दोन खुर्च्यांवर शाळेतल्या परीक्षार्थींसारखे बसून राहिलो. मग पाहण्याची ठिकाणे पाहिली. सागरेश्वराच्या किनाऱ्यावर चाललो. आरवलीच्या वेतोबाला गेलो. तेथे देवाला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात. रात्री देव गावाची राखण करीत फिरतो आणि त्या झिजवतो, अशी श्रद्धा. पुढे शिरोडे. तेथील मिठाचा सत्याग्रह १९३० चा, आणि वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत तेथेच शाळेत शिकवीत होते. एका रात्री जत्रेत दशावतार पाहिला. ना पडदा, ना देखावा. एक बाकडे, पेटी, मृदंग आणि झांज. संवाद लिहिलेले नसताना पहाटेपर्यंत राजा, राक्षस आणि राणी बोलत होती. पेटीवाल्याने पात्राच्या गळ्याप्रमाणे सूर बदलून दिला, हे मी मोठ्या कौतुकाने सौभाग्यवतींना दाखविले. त्या एवढेच म्हणाल्या, "हो. पात्राला कोणी सूर बदलायला सांगितले नाही."

ते वाक्य मला त्या वेळी उमगले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पडवीत बसलो असता मागच्या बाजूने जात्याची घरघर ऐकू आली. काकू भाजलेले कुळीथ भरडीत होत्या. पिठीसाठी त्या अजून जाते वापरतात. त्या ओवी म्हणत होत्या. थोड्या वेळाने दुसरा गळा मिसळला. प्रथम मला वाटले शेजारीण असावी. आवाज मध्यम, किंचित जाड, पण सरळ आणि भरलेला. मग ओळख पटली. तो आवाज मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता.

सौभाग्यवती माहेरी असताना आपल्या संगीत महाविद्यालयात चार वर्षे शिकल्या होत्या. मौलाबक्षांनी १८८६ साली महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने काढलेली गायनशाळा ती हीच. सोयरिकीच्या वेळी वडिलांनी त्यांचे गाणे ऐकून मान डोलावली होती. लग्नानंतर ते थांबले. घरकामाने थांबले, असे मी लोकांना सांगत आलो आणि स्वतःही मानीत आलो.

काकूंच्या ओवीत निषाद थोडा उतरता लागत होता, आणि सौभाग्यवतीही तो तसाच लावीत होत्या. मी उठलो. सांगायचे तोंडावर आले होते. दारापर्यंत गेलो आणि दोघींचे हात एका खुंट्यावर फिरताना पाहून तेथेच थांबलो. "गो बाय, तू तर गाणारी!" काकू म्हणत होत्या.

त्या संध्याकाळी मी विचारले, गाणे का सोडले. त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी गुरुपौर्णिमेला, भरल्या खोलीत, त्या गात असता मी मध्येच थांबवून त्यांचा निषाद दुरुस्त केला होता. एकदा नव्हे, तीनदा. विद्यार्थी हसले होते. "तुमचे बरोबरच होते," त्या म्हणाल्या, "पण अहो, मी तुमची विद्यार्थिनी म्हणून त्या घरात आले नव्हते." मला तो प्रसंग आठवेना. त्यांना त्या दिवशी कोणी कोणत्या रंगाचे लुगडे नेसले होते तेही आठवत होते.

आपल्या शहराच्या संगीताच्या इतिहासात गुरू आणि पत्नी या नात्याची एक मोठी गोष्ट आहे. अब्दुल करीम खाँसाहेब बडोदे दरबारी असताना सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे शिकत. दोघांनी विवाह केला, आणि त्यासाठी त्यांना बडोदे सोडून मुंबई गाठावी लागली. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ती मुले आईच्या बाजूच्या नावाने वाढली, आणि त्यांतील हिराबाईंनी बडोदेकर हे नाव देशभर नेले. ही हकीकत मी विद्यार्थ्यांना घराण्यांची माहिती म्हणून वर्षानुवर्षे सांगतो. त्या घरात काय बोलले गेले असेल, याचा विचार मी वेंगुर्ल्याच्या त्या पडवीत प्रथमच केला. मोठ्या माणसांशी आपली तुलना करण्याचा हेतू नाही. पण गाणाऱ्या घरात एकाच्याच कानाचे राज्य असले की दुसऱ्याचा गळा कोठे तरी वाट काढतो किंवा मिटतो, एवढे खरे.

मी क्षमा मागितली. ती मागताना मलाच चमत्कारिक वाटले, कारण आमच्या घरी पुरुषांनी ती मागितल्याचे मी पाहिले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी दिवा मालवला, आणि आम्ही अंधारात बराच वेळ बसून राहिलो. पाचव्या दिवशी निघताना काकूंनी कुळथाच्या पिठीची पुडी बांधून दिली. मास्तर वहीत आमच्या नावापुढे जाण्याची तारीख घालताना म्हणाले, "आता बोलता तुम्ही दोघे." पाहुण्यांचे बोलणे ऐकून माणसे ओळखणाऱ्या त्या गृहस्थांना पहिल्या दिवशी काय कळले होते, ते मी विचारले नाही.

बडोद्यास परतल्यावर मी एक फरक केला. गुरुवारी संध्याकाळी शिकवणी बंद. पहिल्या गुरुवारी एका विद्यार्थ्याने विचारलेही, की सर बरे नाहीत काय. मधल्या दाराला सुताराकडून कडी बसवून घेतली. आईने एकदा तिच्याकडे पाहिले आणि दुसरीकडे पाहिले. पहिले तीन गुरुवार त्या खोलीत आम्ही नुसता चहा घेतला. चौथ्या गुरुवारी सौभाग्यवतींनी वडिलांचा तंबोरा स्वतः लावला. निषाद अजून उतरताच लागतो. मी ऐकतो.

प्रत्येकाने वेंगुर्ल्यास जावे असे माझे म्हणणे नाही. सर्वांना ते परवडेल असेही नाही. मास्तरांच्या विहिरीला तर इतके पाहुणे पुरणारही नाहीत. परंतु आपल्या जुन्या वाड्यांत माजघरे आहेत, देवघरे आहेत, पोटमाळे आहेत, दहा जणांची पंगत बसेल अशा ओसऱ्या आहेत. त्यांत दोन खुर्च्या मावतील एवढी, कडी लागणारी एक जागा शोधावी. आणि घरात नवी सून आली असेल तर ती शोधण्यास बावीस वर्षे लावू नयेत.