किशोरवयीन खेळाडूंमधील मेंदूचा आघात : तपासणी आणि प्रबोधन
(जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
कबड्डी, कुस्ती, खो-खो आणि क्रिकेट हे खान्देशातील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवरील आवडते खेळ होत. जळगाव जिल्ह्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ असा सलग तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ किताब मिळविला, हा येथील कुस्तीपरंपरेचा गौरव होय. मात्र या खेळांत डोक्याला बसणाऱ्या माराकडे अजूनही ‘मुका मार’ म्हणूनच पाहिले जाते. चढाईपटू आपटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, की डोक्यावर पाणी ओतून त्याला पुन्हा मैदानात उतरविले जाते. प्रस्तुत लेखात या दुखापतीचे स्वरूप, तपासणीची पद्धत आणि प्रबोधनाची गरज यांचा विचार केला आहे.

दुखापतीचे स्वरूप :
डोक्यास, मानेस वा शरीरास बसलेल्या धक्क्याने मेंदू कवटीत हादरतो आणि त्याच्या कार्यात तात्पुरता बिघाड होतो. यास ‘कन्कशन’ म्हणतात. या अवस्थेत मेंदूच्या पेशींची ऊर्जेची गरज वाढते, परंतु रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. रचनेत दिसण्याजोगा बदल नसल्याने सीटी स्कॅन बहुधा निर्दोष येतो. बहुसंख्य खेळाडूंची शुद्धही हरपत नाही. त्यामुळे ‘शुद्धीवर आहे, म्हणजे ठीक आहे’ हा समज घातक ठरतो. मेंदू सावरण्यापूर्वीच दुसरा आघात झाल्यास क्वचित मेंदूस तीव्र सूज येऊन मृत्यूही ओढवू शकतो. अशी प्रकरणे प्रामुख्याने किशोरवयीन व तरुण खेळाडूंतच आढळली आहेत.

लक्षणे उशिराही प्रकट होतात. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्यातील भारत-इंग्लंड टी-२० सामन्यात शिवम दुबे यांच्या हेल्मेटवर अखेरच्या षटकात चेंडू आदळला. त्यांनी डाव पूर्ण केला; परंतु नंतर डोकेदुखी जाणवल्याने त्यांच्या जागी हर्षित राणा यांना उतरविण्यात आले. अशा बदली खेळाडूची तरतूद आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने १ ऑगस्ट २०१९ पासून लागू केली. बदली खेळाडूच्या निवडीवर तेव्हा वाद झाला, तरी जखमीस खेळवू नये हे तत्त्व निर्विवाद आहे.

तपासणी :
२०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेनंतर ‘स्कॅट ६’ ही चाचणी प्रसिद्ध झाली. ती १३ वर्षे व त्यावरील खेळाडूंसाठी असून ८ ते १२ वयोगटासाठी स्वतंत्र आवृत्ती आहे. मैदान कोणते, शेवटचा गुण कोणी मिळविला, असे प्रश्न. शब्दांची यादी आठवणे. महिने उलट्या क्रमाने सांगणे. तोल सांभाळणे असे तिचे भाग आहेत. ही चाचणी वैद्यकीय व्यावसायिकानेच करावयाची असते. क्रीडाशिक्षकाचे काम निदान करणे नसून शंका येताच खेळाडूस बाहेर काढणे हे आहे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, मानदुखी, हातापायांत अशक्तपणा किंवा वाढती गुंगी दिसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

येथे भाषेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. घरी अहिराणी, तर चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यांच्या सातपुडा पट्ट्यात पावरी बोलणाऱ्या मुलास अपरिचित भाषेत प्रश्न विचारल्यास चुकलेले उत्तर आघाताचे की भाषेचे, हे कळणार नाही. मुलाच्या परिचयाच्या भाषेतील चाचणी आणि हंगामापूर्वीच घेतलेली त्याची नोंद उपयुक्त ठरेल.

प्रबोधनातील अडसर :
दुखापत लपविण्यामागे केवळ अज्ञान नसते. दहावी-बारावीतील क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण हे शेतकरी-शेतमजूर कुटुंबातील मुलांसाठी मोठे आधार आहेत. तालुका, जिल्हा, नाशिक विभाग, राज्य या साखळीत एक सामना गमावणे म्हणजे वर्ष गमावणे ठरू शकते. म्हणून केवळ मुलांना उपदेश करून भागणार नाही. निर्णय त्यांच्या हाती न ठेवणे हाच खरा उपाय होय. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये असा कायदा केला : पालक व खेळाडूंनी माहितीपत्रकावर स्वाक्षरी करावी, संशयिताने त्वरित मैदान सोडावे आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परतू नये. असे माहितीपत्रक मराठीत तयार करून शालेय स्पर्धांच्या प्रवेशिकेस जोडणे फारसे खर्चिक नाही.

पुनरागमन :
प्रथम २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, नंतर हलके चालणे आणि टप्प्याटप्प्याने सराव असा क्रम असावा. प्रत्येक टप्प्यास किमान २४ तास द्यावेत. वर्गातील अभ्यास पूर्ववत झाल्यावरच पूर्ण खेळास परवानगी द्यावी.

निष्कर्ष :
धुळे येथे आणि २०१८ पासून जळगाव येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उपलब्ध आहे. ही महाविद्यालये, जिल्हा क्रीडा कार्यालये आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांनी एकत्र येऊन क्रीडाशिक्षकांचे प्रशिक्षण हाती घेतल्यास ‘मुका मार’ बोलका होईल. खेळाडूचा एक सामना बुडाला तरी चालेल. त्याचे पुढील आयुष्य बुडता कामा नये.