मॉडेलमध्ये कोण कोणावर टेकलंय?

‘गोल फ्लँज चौकोनी करून द्या, बाकी सगळं तसंच.’ गिऱ्हाइकाच्या लेखी हे पाच मिनिटांचं काम. आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीच्या अंबरनाथला सुटे भाग नवे नाहीत. जवळच्या बेलवलीतून तिथल्या एमआयडीसीत ड्युटीला जाणाऱ्या डिझायनरला मात्र ठाऊक असतं की, असा एक बदल अख्खं मॉडेल चुकांच्या खुणांनी लाल करू शकतो.

असं का होतं, ते फ्लँजवरच पाहू. आधी वर्तुळाचं स्केच, त्याला जाडी, मधे बोअर. मग वरच्या पृष्ठभागावर दुसरं स्केच काढून पीसीडीवर, म्हणजे भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळावर, बोल्टची भोकं. सॉफ्टवेअरला ‘वरचा पृष्ठभाग’ कळत नाही; ते पृष्ठभागांना क्रमांक देतं. गोल फ्लँजला पृष्ठभाग 4: बाहेरचा, बोअरचा, वरचा आणि खालचा. चौकोनी केला की ते 7 होतात आणि क्रमांक सरकतात. काल ज्या क्रमांकाचा पृष्ठभाग वर होता, तो आज बाजूला असू शकतो. मग भोकं आडवी पडतात किंवा गायबच होतात.

‘फ्रीकॅड’ या मोफत, मुक्त सॉफ्टवेअरला या दुखण्यानं वर्षानुवर्षं छळलं. नोव्हेंबर 2024मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत त्यावर बराच इलाज झाला, पण चुकीच्या जागी टेकलेलं स्केच कोणतीही आवृत्ती आपणहून हलवत नाही.

असं स्केच शोधायचं कसं? फ्रीकॅडच्या डावीकडच्या यादीत फीचर्स एकाखाली एक दिसतात. त्यावरून काय आधी केलं ते कळतं. पण कोण कोणावर अवलंबून आहे, हे नीट कळत नाही. त्यासाठी फ्रीकॅडमध्ये ‘डिपेंडन्सी ग्राफ’ आहे. आलेख आखण्याचं काम ‘ग्राफविझ’ करतं. ए.टी.अँड टी.च्या प्रयोगशाळेत जन्मलेलं हे सॉफ्टवेअर वेगळं बसवून फ्रीकॅडला जोडता येतं. मग प्रत्येक वस्तूची चौकट येते आणि तिचा बाण, ती ज्यावर टेकली आहे त्या वस्तूकडे जातो. सर्वांत आधी बनलेली वस्तू तळाशी असते.

बाण वरून खाली वाहत गेले पाहिजेत, कुठेही फिरून स्वतःकडे येता कामा नयेत. ‘अ’ला ‘ब’ हवा आणि ‘ब’ला ‘अ’ हवा, असं चक्र तयार झालं, तर आधी कोणाचं गणित करायचं हेच संगणकाला ठरवता येत नाही.

आपल्या फ्लँजच्या आलेखात भोकांच्या स्केचचा बाण जाडी दिलेल्या फीचरकडे जाताना दिसतो. दुखणं तिथेच आहे. तेच स्केच मूळ एक्सवाय प्रतलावर टेकवलं, तर तो बाण थेट प्रतलाकडे जातो. प्रतलाला ना क्रमांक सरकण्याची भीती, ना आकार बदलण्याची. फ्लँज गोल असो की चौकोनी, भोकं जागची हलत नाहीत.

आलेखालाही मर्यादा आहेत. शेकडो भागांच्या असेंब्लीत त्याचं जाळं डोळ्यांत मावत नाही, आणि कोण कुठे टेकलंय ते दाखवलं तरी ते तिथे का टेकवलं, हे तो सांगत नाही. तरीही दुसऱ्याचं मॉडेल हाती आलं की, पहिला बदल करण्याआधी तो उघडावा. बहुतेक बाण मूळ प्रतलांकडे जात असतील, तर निर्धास्त काम करा. फिलेट-चॅम्फरसारख्या शेवटी द्यायच्या फीचरवर पुढची स्केचेस टेकली असतील, तर गिऱ्हाइकाला उद्याचा वायदा देऊ नका.