भारती कृष्ण तीर्थ आणि सोळा सूत्रांचे मूळ

'वैदिक गणित' या नावाने परिचित झालेला ग्रंथ बनारस हिंदू विश्वविद्यालयाने १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते, पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ, हे १९६० मध्येच मुंबईस ब्रह्मीभूत झाले होते. ग्रंथावर वाद पुष्कळ झाला. परंतु त्या गदारोळात ग्रंथकाराचे स्वतःचे गणित कोणते, हा प्रश्न मागे पडला.

त्यांचा जन्म १८८४ चा, तमिळ कुटुंबातला. पूर्वाश्रमीचे नाव वेंकटरामन शास्त्री. तरुणपणी त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांचेसमवेत राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले, पुढे राजमहेंद्रीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्रमुखपद स्वीकारले व तेही सोडून शृंगेरीस वेदान्ताध्ययन केले. १९१९ मध्ये काशीस त्यांनी संन्यास घेतला. १९२१ च्या कराची खटल्यात अली बंधूंबरोबर हा संन्यासीही आरोपी होता व निर्दोष सुटला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९२५ मध्ये ते पुरीच्या पीठावर आले.

शृंगेरीच्या परिसरातील एकान्त साधनेत आपणांस अथर्ववेदाच्या परिशिष्टातील सोळा सूत्रांचा उलगडा झाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. सूत्रांचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १ ला १९ ने भागले असता अठरा अंकांचे आवर्तन येते. स्वामींच्या 'एकाधिक' सूत्राप्रमाणे १९ मधील दशकस्थानच्या १ मध्ये एक मिळवून २ हा गुणक घ्यावयाचा आणि उजवीकडील शेवटच्या १ पासून प्रत्येक अंकास २ ने गुणीत, हातचा मिळवीत, डावीकडे जावयाचे: १, २, ४, ८, मग १६ चे ६ व हातचा १, नंतर १३ चे ३. अशा रीतीने ०५२६३१५७८९४७३६८४२१ हे आवर्तन भागाकारावाचून पुरे होते. यात गूढ असे काही नाही. २० ला १९ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणजे १९ च्या समशेषतेत २ हा १० चा व्यस्त होय. भागाकारात दर पायरीस बाकी दहाने गुणिली जाते; सबब उलट दिशेने जाताना ती दोहोंनी गुणिली गेलीच पाहिजे. २९ किंवा ३९ घेतल्यास गुणक अनुक्रमे ३ व ४ येतो.

आता मुळाविषयी. लखनौचे गणितेतिहासज्ञ कृपाशंकर शुक्ल हे १९५० मध्ये बोलिंग व नेगेलाइन यांनी संपादिलेली अथर्ववेद-परिशिष्टे घेऊन स्वामींकडे गेले व सूत्रे त्यांत दाखवावीत अशी विनंती त्यांनी केली. ती आपल्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत, अन्य कोणत्याही नव्हे, असे उत्तर मिळाल्याचे शुक्ल यांनी नमूद केले आहे. ग्रंथाचे प्रधान संपादक वासुदेव शरण अग्रवाल यांनीही प्रस्तावनेत, ज्ञात परिशिष्टांत ही सूत्रे आढळत नाहीत, असे मान्य करून या कृतीसच नवे परिशिष्ट मानावे असे सुचविले. सूत्रांची भाषा वैदिक नाही; ज्या दशांश अपूर्णांकांना ती लाविली आहेत, ते वैदिक वाङ्मयात नाहीत. तेव्हा कर्तृत्व स्वामींचेच ठरते. वेदाचे नाव दिल्याने वेदाचा लाभ झाला नाही आणि एका कुशल गणकाचे श्रेय मात्र झाकले गेले.

प्रत्येक सूत्रावर एक, अशी सोळा हस्तलिखिते स्वामींनी सिद्ध करून एका शिष्याकडे ठेविली होती व ती गहाळ झाली, असे ग्रंथाच्या निवेदनात म्हटले आहे. उपलब्ध खंड त्यांनी १९५७ मध्ये, दृष्टी मंदावलेली असता, स्मरणाने पुन्हा लिहून काढला.