पायदळ निघायचं, पण आधी विमानात बसायचं

सौंसरजवळच्या जामसावळीला हनुमान पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. देव निवांत, आणि भक्त आसपासच्या गावांतून पायदळ येतायत. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात चालण्याचं कौतुक कुणाला सांगावं लागत नाही. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीचा चौरागड, नागपंचमीच्या सुमारास नागद्वारी, मन झालं तर थेट शेगाव. तेव्हा याच पायांनी परदेशातली एखादी यात्रा का करू नये? तीही एकट्यानं आणि खिसा सांभाळून. आमचं म्हणाल तर, ज्याला नागद्वारीची चढण जमली त्याला स्पेन अवघड नाही. अवघड आहे तो बँकेचा कागद.

जिल्हा नवा, पासपोर्ट कुठूनही

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला ५५वा जिल्हा झाला. तहसिली दोनच, पांढुर्णा आणि सौंसर. राज्याचं पासपोर्ट कार्यालय भोपाळला, आणि इथल्या माणसाचं लग्नाच्या कपड्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं नागपूरला! पण २०१८पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट केंद्रात अर्ज करता येतो. म्हणजे नागपूरला संत्री विकायला जाणारा माणूस येताना पासपोर्टचं कामही उरकून येऊ शकतो. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये. पोलीस चौकशी मात्र घरच्याच पत्त्यावर होते, तिथे नागपूरचा उपयोग नाही.

आणि जिथे पासपोर्टही नको

नेपाळ! भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र दाखवलं तरी चालतं. हिशेबही सोपा. १९९३पासून आपल्या एका रुपयाला नेपाळचे १ रुपया ६० पैसे हाच दर बांधलेला आहे. तिथलं मुक्तिनाथाचं देऊळ सुमारे ३,८०० मीटरवर, म्हणजे चौरागडाच्या जवळपास तिप्पट उंच. देवळामागे गोमुखांतून १०८ धारा पडतात, आणि बर्फासारख्या त्या पाण्याखालून पळत जायचं असतं. पळणारे ओरडतात, बघणारे हसतात. पहिल्यांदाच एकट्यानं देशाबाहेर पडणाऱ्यानं सुरुवात इथूनच करावी. भाषा समजते, डाळ-भात मिळतो.

पासपोर्ट हाताशी असेल तर श्रीलंकेतला श्रीपाद डोंगर, २,२४३ मीटर. माथ्यावरचं पाऊल बौद्धांना बुद्धाचं वाटतं, हिंदूंना शंकराचं, मुसलमानांना आदमचं. भांडण नाही. रात्री चढायला लागायचं, पहाटे सूर्योदय बघायचा आणि आजवर जितक्या वेळा चढलात तितक्या वेळा वर घंटा वाजवायची. म्हणजे नवख्याची एकच टण्ण, आणि म्हातारबुवा आपले वाजवतायत, वाजवतायत.

स्पेनची वारी

आता मोठा घास. फ्रान्सच्या सीमेवरच्या सॅं-जाँ-पिए-द-पोर या गावातून निघून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत सुमारे ७८० किलोमीटरची वाट आहे. नाव कामिनो. वाट चुकायची सोय नाही, कारण भिंतींवर, दगडांवर, विजेच्या खांबांवर पिवळे बाण रंगवलेले असतात. यात्रेकरूची खूण म्हणजे पाठीवरच्या पिशवीला बांधलेला शिंपला. पूर्ण वाट जमत नसेल तर निदान १०० किलोमीटर तरी चाला (सायकलवर असाल तर २००), की सांतियागोला प्रमाणपत्र मिळतं. ते फुकट असतं, लॅटिनमध्ये असतं आणि त्यावर तुमच्या नावालाही लॅटिन रूप देतात. पांडुरंगाचं काय करतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. २०२४ साली असं प्रमाणपत्र जवळपास पाच लाख लोकांनी घेतलं.

एकट्या माणसाला स्वस्तात पडतं ते मुक्कामामुळे. वाटेवर ‘आल्बेर्गे’ नावाच्या धर्मशाळा आहेत. एका खोलीत खालीवर पलंग, रात्री दहाला दिवे बंद, एका ठिकाणी एकच रात्र. सरकारी आल्बेर्गेत पलंगाचे साधारण १० युरो. काही ठिकाणी दरच नसतो, दाराशी पेटी असते, तिच्यात मनाला येईल ते टाकायचं. पण आत शिरायला यात्रेकरूची पुस्तिका लागते आणि प्रत्येक मुक्कामाला तिच्यावर शिक्का. शेवटच्या १०० किलोमीटरांत तर दिवसाला दोन शिक्के.

गंमतीही भरपूर. नवारा प्रांतात इराचेच्या द्राक्षमद्याच्या कारखान्यानं १९९१ साली भिंतीत दोन तोट्या बसवल्या, एकीतून पाणी येतं आणि दुसरीतून वाइन, यात्रेकरूंना फुकट. सांतो दोमिंगो दे ला काल्सादाच्या चर्चमध्ये जिवंत कोंबडा-कोंबडी ठेवलेली आहेत, तीही नक्षीदार खुराड्यात. आणि सांतियागोच्या चर्चमधली धूपदाणी ५३ किलोंची! आठ जण दोर ओढून तिला छताशी झोके देतात. एवढा धूर कशाला? तर महिनाभर चालून आलेल्या यात्रेकरूंच्या अंगाचा वास मारायला, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण नागद्वारीहून परतणाऱ्या जीपमध्ये बसलेल्या कुणालाही हे पटेल.

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर ताटात ट्यूना मासा येऊ शकतो, कारण मासा तिथे मांसात धरत नाहीत. आणि ‘तोर्तिया’ म्हणून जे गरम गरम येतं ते बटाटा घातलेलं आम्लेट असतं.

आता तो बँकेचा कागद. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, आणि खात्यात पुरेसे पैसे असल्याचा पुरावा. दहा युरोंच्या पलंगावर झोपायला निघालेल्या माणसानं आधी आपण सुखवस्तू आहोत हे सिद्ध करायचं! सगळ्या यात्रेत मोठा खर्च हाच, व्हिसा आणि विमान. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, तेव्हा घाई नको.

काठीचे पाय धुवा

जपानच्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरची परिक्रमा आहे. पांढरे कपडे, डोक्यावर गवती टोपी, हातात काठी. काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी, तिथले संत. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुवायचं. पुलावर काठी टेकवायची नाही, न जाणो खाली महाराज झोपले असतील! एकटा चाललेला यात्रेकरूही तिथल्या हिशेबात ‘दोघे’ असतो, तो आणि दाइशी. गावकरी वाटेत थांबवून संत्री, चहा, कधी नाणीसुद्धा हातात ठेवतात, आणि ते नाकारायचं नसतं.

संत्री फुकट म्हटल्यावर पांढुर्ण्याच्या माणसाला ते घरच्यासारखंच वाटेल. पण ही सोय आपल्याकडेही जुनीच. नर्मदेच्या परिक्रमावासीला काठावरच्या गावांत सदावर्त मिळतं, कणीक, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. नागद्वारीच्या जंगलात विदर्भातली मंडळं भंडारे लावतात. अडचण एकच, वाढप्याला ‘पोट भरलं’ हे पटवणं तुमच्याच्यानं होणार नाही.

शून्य रुपयांचा विक्रम

स्वस्तात परदेश म्हणजे किती स्वस्तात? १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून वॉशिंग्टनला पायी निघाले. पवनारच्या विनोबांनी त्यांना दोन अटी घातल्या, मांस खायचं नाही आणि जवळ पैसा ठेवायचा नाही. विनोबा स्वतः १९५१पासून भूदानासाठी चालतच होते, तेव्हा अट घालायचा हक्क त्यांना होता. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, रशिया करत दोघे मॉस्को, पॅरिस, लंडन गाठून अमेरिकेत पोचले. समुद्र तेवढा बोटीनं ओलांडला, बाकी सगळं पायदळ. वाटेत चहाच्या एका कारखान्यातल्या बायकांनी चार पुड्या दिल्या, अण्वस्त्रं असलेल्या चार देशांच्या नेत्यांसाठी. निरोप असा की बटण दाबायचं मनात आलं तर आधी थांबून हा चहा प्या.

आता सामान बांधा

विमानाच्या आत काठी नेऊ देत नाहीत, ती सामानात टाकावी लागते. त्रिशुळाचं तर नावच काढू नका. चौरागडावर दोन-चार जणांनी मिळून उचलावेत असे त्रिशूळ चढतात, ते तिथेच शोभतात. पाठीवरचं गठुडं स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नको. एक जोडी अंगावर, एक धुतलेली, पुरे. आणि बूट नवे घ्यायचे तर आजच घ्या, विमानतळावर नाही. आधी चार शनिवार जामसावळीला जाऊन या, मग एकदा जुन्नारदेवच्या ‘पहिल्या पायरी’वरून चौरागड करा. फोड यायचे ते इथेच येऊन जाऊ द्या. इथे बँडेज लावणारा ओळखीचा असतो आणि विमा लागत नाही.