टीव्ही रिपोर्टर व्हायचे आहे?



बारावीचे निकाल लागले की "सर, पुढे काय करू?" असे विचारायला मुले आमच्याकडे येतात. डॉक्टर-इंजिनिअर म्हणणारे पुष्कळ, पण हल्ली "टीव्हीवर रिपोर्टर व्हायचंय" असे म्हणणारेही एक-दोन असतात. का, असे विचारले की उत्तर मिळते, "सगळे ओळखतात." पालकांची काळजी निराळी : "यात पोट भरेल का?" म्हणून या अंकात या व्यवसायाची थोडी माहिती देत आहोत.

रिपोर्टर पडद्यावर दीड-दोन मिनिटे दिसतो, पण त्यामागे अख्खा दिवस जातो. कोणी कुठे जायचे हे 'असाइनमेंट डेस्क' ठरवतो. रिपोर्टर कॅमेरामनबरोबर घटनास्थळी जातो, संबंधितांना प्रश्न विचारतो. त्यांचे जे म्हणणे रेकॉर्ड होते त्याला 'बाइट' म्हणतात. मग माईक घेऊन कॅमेऱ्याकडे पाहत तो स्वतः दोन-चार वाक्ये बोलतो, ती 'पी टू सी'. त्यानंतर बातमी लिहायची, आपल्या आवाजात वाचायची आणि एडिटरने ती दृश्यांशी जुळवायची. मोठी घटना असली तर थेट प्रक्षेपण. तिथे तोंडातून गेलेला शब्द खोडता येत नाही.

चुकीच्या शब्दाची किंमत आम्ही अनुभवली आहे. काही वर्षांपूर्वी पावसात आमच्या गल्लीतली एक जुनी भिंत पडली. एका वाहिनीवर पट्टी फिरू लागली, 'शाळेची भिंत कोसळली'. थोड्याच वेळात फाटकाशी पालकांची गर्दी झाली. एक आजी तर अनवाणी धावत आल्या. आत मुले पाढे म्हणत होती! भिंत शेजारच्या रिकाम्या वाड्याची होती. कोणी आमच्या ऑफिसात एक फोन केला असता तरी हे टळले असते. तेव्हापासून आम्ही सांगतो : रिपोर्टरचा पहिला गुण चेहरा नव्हे, खात्री करून घेण्याची सवय.

दुसरा गुण भाषा. आपली मुले घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलतात, हे त्यांचे भांडवल आहे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली, घरच्या मराठीची आम्हाला कधी अडचण झाली नाही. १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे, वाराणसीच्या 'आज'चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर आणि आपल्या इंदूरच्या 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते हे तिघेही मराठी घरांतले, आणि तिघांनी हिंदी पत्रकारिता समृद्ध केली.

शिक्षणाचे म्हणाल तर कोणत्याही विषयाची पदवी चालते. पुढे पत्रकारितेचा अभ्यासक्रम करावा. इंदुरात देवी अहिल्या विश्वविद्यालयात, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विश्वविद्यालयात आणि दिल्लीत १९६५ साली स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थानात तशी सोय आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते त्या-त्या वर्षी पाहून घ्यावेत.

पालकांपासून काही लपवणार नाही. सुरुवातीला पगार बेताचाच असतो. लहान शहरांत बरेच जण 'स्ट्रिंगर' असतात, म्हणजे बांधील पगार नाही, जितक्या बातम्या तितके पैसे. दिवाळी असो, पूर असो, निघावे लागते. सुरुवातही लहानच होते. २०१९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळालेले रवीश कुमार १९९६ मध्ये एनडीटीव्हीत आले, तेव्हा प्रेक्षकांची पत्रे निवडण्याचे काम करीत. ज्याला फक्त ओळख हवी तो इथे लवकर कंटाळतो. ज्याला लोकांचे प्रश्न विचारावेसे वाटतात, तो टिकतो.

सराव मात्र आजच सुरू करता येईल. येत्या शनिवारपासून प्रार्थनेनंतर पाच मिनिटांचे बातमीपत्र मुलेच वाचतील, एक आठवडा मराठीत, एक आठवडा हिंदीत. नियम एकच : बातमी दोन जणांना विचारून पक्की केल्याशिवाय वाचायची नाही. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे द्यावे. पहिली बातमी कोण आणतो, याची आम्ही वाट पाहत आहोत.