चंदी, पाणी आणि नाल

कोल्हापुरातल्या एका पागेच्या दारात झालेल्या चकमकीबद्दल ब्रिटिश सरकारनं व्हिक्टोरिया क्रॉस दिलाय, हे आपल्या गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. ३१ जुलै १८५७ रोजी इथल्या २७ व्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीनं उठाव केला. त्यातले काही शिपाई शहरालगतच्या पागेत शिरले, दारं लावून घेतली आणि शेवटपर्यंत लढायच्या तयारीनं बसले. तिकडं साताऱ्याहून लेफ्टनंट विल्यम अलेक्झांडर केर ‘सदर्न मराठा इरेग्युलर हॉर्स’ या रिसाल्याचे स्वार घेऊन निघाला. अंतर सुमारे ७५ मैल, दिवस भर पावसाळ्याचे. वाटेत वारणा आणि शेवटी पंचगंगा. आजचा शिवाजी पूल तेव्हा बांधलेला नव्हता.

पागेपाशी पोचल्यावर या स्वारांनी काय केलं? ते घोड्यांवरून उतरले. पहारी घेऊन पायी पागेच्या दाराला भिडले, दार फोडलं आणि आत घुसले. केरच्या बरोबरीनं गणपतराव नावाचा एक स्वार पुढं होता. आतले बहुतेक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. क्रॉसच्या मानपत्रात चकमकीची तारीख १० जुलै छापलीय, म्हणजे सरकारी कागदावर केरनं उठाव व्हायच्या आधीच तो मोडून काढला! ते असो. दाराआड लढणारे आपले होते आणि दार फोडणारे स्वारही बहुतेक आपलेच होते. क्रॉस मिळाला तो केरला. हिंदी शिपायांना तो सन्मान १९११ पर्यंत देताच येत नव्हता.

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला जनावरांचा डॉक्टर. उमेदीच्या काळात टांग्याची घोडी, लग्नाच्या वरातीतली घोडी, दसऱ्याच्या स्वारीसाठी सजवलेली घोडी, सगळी माझ्या हाताखालून गेली. त्यामुळं लढाईचं वर्णन वाचताना माझं लक्ष तलवारीकडं जात नाही. कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्याचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. शिल्पकाराचं कसब म्हणून त्याला सलाम. पण मोहिमेवरचा घोडा बहुतेक वेळ मान खाली घालून, पाठीवर ओझं आणि पोटात निम्मी चंदी घेऊन चालत असतो. पागेच्या त्या चकमकीत घोड्यांचं काम होतं ७५ मैलांचं. दार फुटलं तेव्हा घोडी बाहेर उभी होती.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतलं घोडदळ समजून घ्यायला कोल्हापूरकराला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही. १८६१ ते १८६५ या काळात तिथं उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं एकमेकांशी लढली. घोडदळ दोन्हीकडं होतं, पण त्याची मांडणी वेगळी होती आणि ती आपल्याला वाचता वाचताच ओळखू येते. उत्तरेच्या स्वाराला घोडा सरकार द्यायचं, म्हणजे तो आपला बारगीर. दक्षिणेचा स्वार घरचा घोडा घेऊन यायचा आणि त्याबद्दल त्याला दिवसाला ४० सेंट मिळायचे, म्हणजे तो शिलेदार. घोडा लढाईत मेला तर सरकार किंमत भरून देई. थकून, उपासानं किंवा रोगानं मेला तर एक पैसा नाही. मग स्वारानं घरी जाऊन दुसरा घोडा आणायचा, नाहीतर पायदळात जायचं. पहिली दोन वर्षं दक्षिणेचे स्वार भारी पडले, कारण घोड्यावर बसणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण घरची घोडी संपत गेली तसा हाच नियम त्यांना नडला. शिवाजी महाराजांनी शिलेदारांपेक्षा सरकारी पागेचं घोडदळ वरचढ ठेवलं होतं, त्यामागचा हिशेब असल्या ठिकाणी कळतो.

या युद्धात घोड्यावरून थेट चाल करून जाण्याचे दिवस भरत आले होते. जुन्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडं धरवत नसे. आतून आटे पाडलेल्या नव्या रायफलीनं तेच अंतर तिपटीवर गेलं. भरधाव येणाऱ्या घोड्याला आता तिप्पट वाट गोळ्या खात यायची होती, आणि घोड्याएवढं मोठं निशाण कुणाचं चुकणार? ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गला उत्तरेच्या फार्न्सवर्थ या तरुण सेनानीला वरिष्ठानं पायदळावर घोडे घालायला लावले. दगडी बांध, झाडी आणि त्याआड रायफली. फार्न्सवर्थ मेला, हाती काही लागलं नाही.

त्याच रणांगणावर दोन दिवस आधी उत्तरेच्याच ब्यूफर्ड या सेनानीनं दुसरीच रीत वापरली होती. त्याचे स्वार घोड्यांवरून उतरले, चौघांतल्या एकानं चार घोड्यांचे लगाम धरून मागं थांबायचं आणि बाकीच्या तिघांनी कुंपणाआडून लढायचं. मागून भरायच्या आखूड कार्बाइनी असल्यामुळं आडवं पडूनही बार भरता येत होता. आपलं पायदळ येईपर्यंत त्यांनी मोठ्या फौजेला सकाळभर अडवून धरलं. एक चतुर्थांश माणसं नुसती घोडी धरायला लागतात हा मोठा खर्च आहे खरा, पण पायदळ जिथं वेळेत पोचूच शकत नाही तिथं बंदुका पोचतात. दक्षिणेचा सरसेनापती ली याचं घोडदळ मात्र आपला सेनानी स्टुअर्ट याच्याबरोबर दूर भटकत होतं, ते गेटिसबर्गला आलं दुसऱ्या दिवशी दुपारी. समोर किती फौज आहे याची खबर द्यायला ज्यांनी हजर असायचं तेच नाहीत म्हटल्यावर ली चाचपडत लढला.

बातमी आणणं आणि शत्रूची रसद तोडणं ही घोडदळाची खरी कामं. ती ज्यानं सगळ्यांत चांगली केली तो उत्तरेचा बेंजामिन ग्रिअर्सन पेशानं संगीतशिक्षक होता आणि त्याला घोड्यांची भीती होती. लहानपणी एका घोड्यानं त्याच्या तोंडावर लाथ मारली होती. माझ्या नोकरीत मीही तसल्या लाथा बघितल्यात, त्यामुळं त्याच्याबद्दल मला आपुलकी वाटते. १७ एप्रिल १८६३ ला तो १७०० स्वार घेऊन टेनेसीतल्या ला ग्रेंजहून निघाला आणि शत्रूच्या मुलखातून १६ दिवसांत सुमारे ६०० मैल तुडवत लुइझियानातल्या बॅटन रूजला बाहेर पडला. वाटेत रेल्वेचे रूळ उखडले, तारा तोडल्या, कोठारं जाळली. निघाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच त्यानं आजारी, लंगडे असे १७५ जण वेगळे काढून परत धाडले. हे मला त्या मोहिमेतलं सगळ्यांत शहाणपणाचं काम वाटतं. बाकीच्यांच्या चालीला खीळ बसली नाही आणि परतणाऱ्यांचे माग बघून पाठलाग करणारेही फसले. दक्षिणेचे लोक त्याला शोधत राहिले, तेवढ्यात उत्तरेचा सेनापती ग्रँट यानं मिसिसिपी नदी ओलांडली.

याला आपण मुलुखगिरी म्हणू. कापशीकर संताजी घोरपड्यांनी नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीला मोगलांच्या कासीमखानाला धरलं ते असंच. एका तुकडीनं खानाचे पुढं गेलेले तंबू आणि सामान लुटलं, दुसरीनं त्याला झुंजवत ठेवलं, तिसरी हाताशी राखली. खान लहानशा गढीत अडकला. मग तलवारीचं काम थोडंच उरलं, आतल्या माणसा-जनावरांची उपासमारच पुरेशी होती.

प्रतापराव गुजरांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. एप्रिल १६७३ मध्ये जतजवळच्या उमराणीला त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला वेढलं आणि पाणी तोडलं. त्या भागातला एप्रिल ज्यानं अनुभवलाय त्याला पुढचं सांगायला नको. राबणाऱ्या घोड्याला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस लिटरच्या घरात पाणी लागतं. खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं, महाराज रागावले, आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला गडहिंग्लजजवळ नेसरीला प्रतापराव सहा स्वारांनिशी त्याच खानावर तुटून पडले. कविता नेसरीवर झाली. उमराणीवर कुणी केली नाही. माझ्या लेखी सेनापती म्हणून प्रतापराव मोठे ठरतात ते उमराणीला.

आता चंदीकडं येतो, कारण सगळं तिथंच येऊन ठेपतं. उत्तरेच्या फौजेत एका घोड्याचा रोजचा शिधा होता १४ पौंड वाळलं गवत आणि १२ पौंड धान्य, म्हणजे सव्वासहा किलो गवत आणि साडेपाच किलो दाणा. हजार घोड्यांच्या पथकाला रोज साडेपाच टन धान्य ओढून न्यायचं, तेही खेचरांच्या गाड्यांतून, आणि त्या खेचरांना पुन्हा वेगळी चंदी. वेळेला मिळालं नाही आणि नंतर एकदम तोबरा भरून दिला तर घोडा पोटशुळानं लोळतो. घोड्याचं पोट शरीराच्या मानानं लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायला द्यावं लागतं. खोगिराखाली घडी पडलेली घोंगडी राहिली तर दिवसभरात पाठ फुटते. नाल निसटली तर दगडी रस्त्यावर दोन दिवसांत घोडा बाद. शिवाय हजारोंनी घोडी एकत्र बांधली की ग्लँडर्स पसरतो, त्यावर तेव्हा औषध नव्हतं. १८६३ मध्ये उत्तरेनं घोडदळाचं स्वतंत्र खातं काढलं आणि वॉशिंग्टनजवळ गीझबरोला ३० हजार घोडी मावतील एवढं आगार उभारलं. युद्धात घोडी आणि खेचरं मिळून दहा ते पंधरा लाख मेली असा अंदाज करतात. त्यातली गोळीनं मेलेली थोडी.

महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांमागं एक पखालजी आणि एक नालबंद असे, असं बखरकार सभासदानं लिहून ठेवलंय. चिपळूणच्या छावणीला गेलेलं महाराजांचं पत्र रयतेला तोशीस देऊ नका या ताकिदीपायी प्रसिद्ध आहे, पण मी ते जनावरांच्या दवाखान्यातलं टिपण म्हणून वाचतो. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आत्ताच उधळलीत तर पुढं घोडी मरतील. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात गवतात नेईल आणि घोडी जळतील. इतक्या बारकाव्यानं लिहिणाऱ्या माणसानं पागेत उभं राहून घोडी बघितलेली असतात.

यादवी संपल्यावर अमेरिकेचं हेच घोडदळ पश्चिमेच्या माळरानावरच्या मूळ रहिवाशांवर वळलं. शायेन, लकोटा, कोमांची हे जातिवंत स्वार, उन्हाळ्यात फौजेच्या हाती लागायचे नाहीत. त्यांची तट्टं नुसत्या गवतावर तगायची. हिवाळ्यात बर्फाखाली गवत गेलं की ती खंगत. फौजेच्या घोड्यांना मात्र गाड्यांतून दाणा यायचा. म्हणून चाल करायची ती हिवाळ्यात, असं ठरलं. २७ नोव्हेंबर १८६८ ला पहाटे फौजेच्या कस्टर या अधिकाऱ्यानं वॉशिता नदीकाठी शायेनांच्या झोपलेल्या तळावर हल्ला केला. त्यात बायका-पोरंही मारली आणि मग त्यांची शेकडो घोडी गोळ्या घालून मारून टाकली. घोडी संपवली की जमात लढू शकत नाही, हे त्याला बरोबर माहीत होतं. पराक्रमाच्या यादीत हे कुणी घालत असेल तर मी त्यावर सही करणार नाही.

दक्षिणेच्या शिलेदारांचं काय झालं तेही सांगतो. ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला ली शरण आला तेव्हा त्यानं ग्रँटला सांगितलं की आमच्या स्वारांची घोडी त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहेत. ग्रँटनं हिशेब केला, यातले बहुतेक शेतकरी, पेरणीचे दिवस तोंडावर. घोडा किंवा खेचर आपलं म्हणणाऱ्याला ते घरी न्यायची मुभा त्यानं दिली. पुढच्या आठवड्यांत त्यातली बरीचशी नांगराला जुंपली गेली असणार. आपल्याकडं १८१८ नंतर शिलेदारांना असली सवड फारशी कुणी दिली नाही. पेशव्यांची पथकं मोडली, सरदारांची खाती आटली. घोडं पोसायचं तर चाकरी हवी, आणि चाकरी द्यायला इंग्रजच उरले होते. शिलेदारीची रीत त्यांनी आपल्या इरेग्युलर रिसाल्यांत उचलली, आणि तसल्याच एका रिसाल्यातून गणपतराव पागेच्या दाराशी पहार घेऊन आला.