रुबी भाषेतील नमुना उपयोजन आणि बॅकएंड सर्व्हरची मांडणी : ऊसतोड स्थलांतराच्या नोंदीचे उदाहरण

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. सोबत जाणाऱ्या मुलांची शाळा मध्येच सुटते. त्यामुळे विद्यार्थी केव्हा गेला व केव्हा परतला, ही नोंद महत्त्वाची ठरते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बॅकएंड सर्व्हर शिकविताना हे परिचित उदाहरण कसे उपयोगी पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

साधने :
रुबी ही भाषा युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये तिच्यावर आधारित ‘रेल्स’ ही चौकट उपलब्ध करून दिली. दोन्ही साधने विनामूल्य आहेत. ती आणि उपयोजनाला लागणारे इतर घटक एकदा संगणकावर बसविले, की पुढील सराव इंटरनेटशिवाय करता येतो.

मांडणी :
‘रेल्स न्यू’ या आज्ञेने उपयोजनाचा सांगाडा तयार होतो. ‘स्कॅफोल्ड’ या सोयीने विद्यार्थ्याचा सांकेतिक क्रमांक, तालुका, प्रस्थान दिनांक व परतीचा दिनांक ही क्षेत्रे निश्चित करावीत. ‘डीबी मायग्रेट’ या आज्ञेने एसक्यूलाइट माहितीकोशात त्यांचा तक्ता निर्माण होतो. ‘रेल्स सर्व्हर’ ही आज्ञा दिल्यावर प्युमा हा सर्व्हर सुरू होतो व १२७.०.०.१ या पत्त्यावर, ३००० क्रमांकाच्या पोर्टवर उपयोजन उघडते.
ब्राउझरकडून आलेली मागणी प्युमा स्वीकारतो, कंट्रोलर ती हाताळतो, मॉडेल माहितीकोशाशी व्यवहार करते आणि व्ह्यू उत्तराचे पान घडविते.

नियमांचे स्थान :
परतीचा दिनांक प्रस्थानापूर्वीचा असू नये, हा नियम केवळ ब्राउझरमधील अर्जात ठेवणे पुरेसे नाही. कारण अर्ज टाळूनही सर्व्हरकडे थेट मागणी पाठविता येते. म्हणून तो मॉडेलमध्येच असावा. मात्र जो विद्यार्थी अद्याप परतलेला नाही, त्याचा परतीचा रकाना रिक्त ठेवण्याची मुभा हवी. अन्यथा नोंद करणारा खोटा दिनांक भरण्यास प्रवृत्त होईल.

मर्यादा :
वरील पत्ता त्याच संगणकापुरता असल्याने प्रयोगशाळेतील इतर संगणकांना हे उपयोजन दिसत नाही. सरावाच्या टप्प्यावर ही मर्यादा संरक्षक ठरते. स्कॅफोल्डने बनलेल्या पानांना परवलीच्या शब्दाचे बंधन नसते. सर्व्हरपर्यंत पोहोचणारा कोणीही नोंद बदलू वा पुसू शकतो. म्हणून सरावात केवळ काल्पनिक नोंदी भराव्यात. बालकांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही आहे.

समारोप :
काही आज्ञांत उपयोजन सुरू होते. परंतु सुरू झालेले उपयोजन वापरास योग्य असतेच असे नाही. कोणता नियम कोठे असावा आणि नोंद कोणी पाहावी, या प्रश्नांची उत्तरे सर्व्हरच्या बाजूलाच द्यावी लागतात. विद्यार्थ्यांना ही जाणीव करून देणे, हेच अशा नमुन्याचे शैक्षणिक प्रयोजन होय.